शिडाच्या बोटीवर बॉस्टनचा हिवाळा : पहिल्यांदाच राहणाऱ्यांसाठी

बॉस्टनमधली घरभाडी ऐकून दर उन्हाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या डोक्यात येतंच : पस्तीसेक फुटांची जुनी शिडाची बोट घ्यावी आणि तिच्यावरच राहावं. जून ते सप्टेंबर हे मजेत जमतं. खरा प्रश्न नोव्हेंबरपासून सुरू होतो. जानेवारीत इथलं रात्रीचं तापमान सरासरी उणे पाचाच्या आसपास असतं, पण सरासरी धरून तयारी करणाऱ्याची फजिती होते. ४ फेब्रुवारी २०२३ ला पारा उणे २३ अंशांवर गेला होता. २०१४-१५ च्या हिवाळ्यात शहरात एकूण २८० सेंटिमीटर बर्फ पडला, त्यातला निम्म्याहून जास्त एकट्या फेब्रुवारीत.

तरी लोक राहतात. बॉस्टनच्याच चार्ल्सटाउन भागात, १७९७ साली पाण्यात उतरलेली ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’ ही जुनी युद्धनौका जिथे उभी असते तिथल्याच कॉन्स्टिट्यूशन मरीनात (मरीना म्हणजे भाड्याने बोटी बांधून ठेवायची जागा) हिवाळाभर वस्ती असते. नोकरीवाले, निवृत्त झालेले, लहान मुलांसकट राहणारी कुटुंबं, सगळे भेटतात. त्यांच्यात कोणी फार धाडसी नसतं. जे टिकतात ते काटेकोर असतात, एवढंच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. थंडी हा तुलनेने सोपा भाग आहे. हीटर आणि इंधनावर पैसे टाकले की ती आवरते. पाणी मात्र पैशांनी आवरत नाही. भिंतींवरची ओल, डेकवरचा बर्फ, नळीत गोठलेलं पाणी, टाकीत संपलेलं पाणी, आणि धक्क्यावरून पाय घसरला तर खालचं पाणी, या सगळ्यांकडे रोज बघावं लागतं. खालची बरीचशी कामं त्यासाठीच आहेत.

जून-जुलै : बोटीआधी जागा

आधी बोट आणि मग जागा हा क्रम उलटा आहे. हिवाळ्यात बोटीवर राहू देणारे मरीना थोडे, आणि तिथल्या जागा त्याहून थोड्या. करार बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबर ते एप्रिल-मे असा हंगामी असतो आणि भाडं बोटीच्या लांबीवर, फुटाच्या हिशोबाने. पत्रक वाचून ठरवू नका, स्वतः जाऊन विचारा : थंडीत पिण्याचं पाणी कुठून मिळतं? अंघोळीची खोली रात्रीही उघडी आणि गरम असते का? संडासाची टाकी उपसायला जानेवारीतही कोणी येतं का? पूर्व आणि ईशान्येकडून येणारं वारं अडवायला समोर काय आहे? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि इथली सगळ्यांत वाईट वादळं नेमकी ईशान्येकडूनच येतात.

तरंगता धक्का असेल तरच पुढचं बोला. बॉस्टनला भरती-ओहोटीत सरासरी जवळपास तीन मीटरचा फरक पडतो, उधाणाला त्याहून जास्त. तरंगता धक्का बोटीबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे दोर पुन्हा पुन्हा सैल-घट्ट करावे लागत नाहीत. मात्र किनाऱ्यावरून धक्क्यावर उतरणारा पूल ओहोटीला इतका तिरका होतो की बर्फ असताना त्यावरून सामान नेणं म्हणजे शिक्षाच. किराणा, डिझेल, कपड्यांची बोचकी, सगळं भरतीची वेळ बघून आणायची सवय लावा. मुंबईच्या कोळीवाड्यात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी भरती-ओहोटीचं कोष्टक फोनवर ठेवावं.

समुद्राचं खारं पाणी गोठायला उणे १.८ अंश लागतात, म्हणून बंदर सहसा पूर्ण गोठत नाही. पण चार्ल्स नदीचं गोडं पाणी धरणातून बंदरात येतं. ते हलकं असल्याने वर तरंगतं आणि आधी गोठतं. नदीच्या तोंडाजवळची जागा घेत असाल तर बर्फाचे तुकडे तुमच्या बोटीला घासत जाणार हे गृहीत धरा.

आता तीन कागदी कामं. विमा कंपनीला ‘मी बोटीवर राहणार आहे आणि बोट हिवाळाभर पाण्यात असणार आहे’ हे लेखी कळवा. साध्या पॉलिसीत या दोन्ही गोष्टी बहुधा बसत नाहीत, आणि बर्फाने झालेलं नुकसान वगळलेलं आहे का ते बारीक अक्षरात शोधावं लागतं. दुसरं, टपालाचा पत्ता. टपाल मरीनाच्या नावावर येतं की वेगळी पेटी घ्यावी लागते ते ठरवा. तिसरं आपल्यापैकी अनेकांना लागू : एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर राहता पत्ता बदलल्यापासून १० दिवसांच्या आत एआर-११ अर्जाने सरकारला कळवणं बंधनकारक आहे, आणि तिथे टपालपेटी चालत नाही, प्रत्यक्ष राहण्याची जागा द्यावी लागते. मरीनाचा रस्त्याचा पत्ता आणि तुमच्या जागेचा क्रमांक कसा लिहायचा ते कार्यालयातून नीट विचारून घ्या.

आणि याच टप्प्यावर घरात एक बोलणं उरकून टाका. डिसेंबरच्या सुट्टीत तीन आठवडे भारतात जाणं ही आपल्याकडची रीत. बोटीवर राहणाऱ्याला ती परवडत नाही. कुलूप लावून निघून जाण्यासारखी ही वस्तू नाही. जायचंच तर गणपतीत जा, लग्नसराई सोडून द्या. अगदीच अटळ असेल तर पाण्याच्या टाक्या आणि नळ्या रिकाम्या करा, तळाच्या सगळ्या झडपा बंद करा, हीटर आठेक अंशांवर ठेवा आणि शेजारच्या बोटीवाल्याला किल्ली देऊन जा. शेजारी रोज डोकावणारा हवा. अधूनमधून येणारा नको.

सप्टेंबर : इंजिन आणि तळाच्या झडपा

हिवाळ्यात कुठेही जायचं नसतं, त्यामुळे इंजिन झोपवून टाकलेलं बरं. ‘मी आत राहतोय, आत ऊब आहे, इंजिन कशाला गोठेल?’ हा युक्तिवाद वीज जाईपर्यंत चालतो. तेल आणि फिल्टर बदला. समुद्राचं पाणी आत घेणारी झडप बंद करा, तिची नळी काढून बादलीत सोडा आणि बादलीतलं गुलाबी अँटिफ्रीझ इंजिनकडून ओढून घ्या. एक्झॉस्टमधून गुलाबी पाणी यायला लागलं की थांबा. गुलाबी म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. मोटारीतलं साधारणपणे एथिलीन ग्लायकॉलचं असतं, ते विषारी. समुद्रात किंवा पिण्याच्या नळीत त्याचा थेंबही जाऊ देऊ नका.

बोटीच्या पोटाला जेवढी भोकं, तेवढ्या झडपा. त्यांना इथे सीकॉक म्हणतात. पाण्याखालचा भाग समुद्रापेक्षा थंड होत नाही, म्हणून तिथे भीती कमी. धोका पाण्याच्या रेषेच्या वर असलेल्या नळीत असतो. तिथे अडकलेलं पाणी गोठून फुगतं, नळी चिरते किंवा क्लॅम्पमधून निसटते. गोठलेलं असेपर्यंत काही कळत नाही. ऊन पडून बर्फ वितळला की तिथून आत पाणी सुरू. हिवाळ्यात धक्क्याला बांधल्या बांधल्या बोट बुडण्याचा हा एक ठरलेला मार्ग आहे. जी झडप लागत नाही ती बंद, आणि तिच्या वरची नळी रिकामी किंवा अँटिफ्रीझने भरलेली. प्रत्येक झडप हाताने फिरते का ते सप्टेंबरातच बघा.

शिडं उतरवा. पुढचं गुंडाळी शीडसुद्धा. ते तसंच ठेवलं तर एखाद्या रात्री वाऱ्याने टोक सुटतं, शीड उलगडतं, चिंध्या होईपर्यंत फडफडतं आणि तोवर अख्खी बोट हिसडे खाते. डोलकाठी उभी ठेवली तरी चालते.

डिझेलची टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत हवेतली ओल साचते. टाकी बोटीच्या पोटात, समुद्राच्या सोबतीने असल्याने तिथलं डिझेल सहसा घट्ट होत नाही. डेकवर ठेवलेल्या कॅनमधलं होतं.

ऑक्टोबर : कव्हर

हिवाळ्यात बोटीवर राहणारे आपल्या बोटीवर प्लास्टिकचा मांडव घालतात. हिवाळ्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं काम मी यालाच म्हणेन, हीटरच्याही आधी. बर्फ डेकवर न येता घरंगळून पाण्यात जातो, वारा अडतो आणि कॉकपिटमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या बैठकीत, बूट-जॅकेट काढायला एक ओसरी मिळते.

सांगाडा लाकडाच्या पट्ट्यांचा किंवा विजेच्या लोखंडी पाइपचा करतात. मधोमध आढं, दोन्ही बाजूंना उतार. उतार सढळ हाताने द्या. छप्पर सपाट राहिलं की बर्फ बसून राहतो आणि पहिल्याच मोठ्या हिमवर्षावात सांगाडा वाकतो. कोकणात पावसासाठी कौलांना जो उतार देतात त्याचं कारण इथे दुप्पट लागू आहे. त्यावर श्रिंक-रॅपचं प्लास्टिक ताणून गॅसच्या ज्योतीने आवळतात. ही ज्योत अनुभवी माणसाच्याच हातात द्या. दरवर्षी कुठे ना कुठे कव्हर घालताना आग लागते.

पांढरं प्लास्टिक की पारदर्शक? बोट नुसती साठवून ठेवायची असेल तर पांढरं. राहायचं असेल तर पारदर्शकच घ्या. डिसेंबरात इथे सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि पांढऱ्या कव्हरखाली दिवसही संध्याकाळसारखा जातो. पारदर्शक कव्हरमध्ये निरभ्र दिवशी बाहेर शून्य असताना आत स्वेटर काढावा लागतो. हे ऊन फुकट मिळतं.

झिपचे दरवाजे दोन ठेवा : एक मागे, कॉकपिटजवळ, आणि दुसरा पुढच्या हॅचवर, म्हणजे छतातल्या झाकणाच्या दारावर. पुढच्या खोलीत झोपत असाल आणि आग स्वयंपाकघराशी लागली तर बाहेर पडायचा तो एकच मार्ग असतो. हॅच उघडते का, तिच्यावर कव्हरची पट्टी आडवी आलेली नाही ना, हे कव्हर घालणारा तिथे असतानाच तपासा. हॅचजवळ एक चाकू टांगून ठेवा. कव्हरला वर झरोके हवेतच. ते का, ते पुढे येईल.

ऊब : दोन वेगळ्या वाटांनी

दहा-अकरा मीटरच्या बोटीला कडाक्याच्या थंडीत साधारण तीन ते पाच किलोवॅट ऊब लागते. ती एकाच यंत्राकडून घेऊ नका. धक्क्यावरची वीज रोजच्यासाठी, आणि डिझेलचा हीटर कडाक्यासाठी व वीज गेल्यावर.

आधी वीज. बहुतेक ठिकाणी ३० अँपिअरची, १२० व्होल्टची जोडणी मिळते, म्हणजे कागदावर ३६०० वॅट. सतत वापरासाठी ८० टक्के धरायचे, म्हणजे २४ अँपिअर. बाजारातला साधा विजेचा हीटर १५०० वॅटचा, साडेबारा अँपिअर घेणारा. दोन पूर्ण जोरात लावले की २५. मर्यादा तिथेच ओलांडली, आणि अजून फ्रिज, बॅटरी चार्जर, लॅपटॉप बाकी आहेत. मग आपण इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेचा कुकर, लावतो आणि अंधार होतो. नियम साधा : भात लावायचा तर एक हीटर बंद. पर्याय असेल तर दुसरी ३० अँपिअरची जोडणी किंवा ५० अँपिअरची जागा घ्या. मी तर पैसे तिथेच घालवायला सांगेन.

सर्किट पडणं ही गैरसोय झाली. खरी भीती प्लग तापण्याची. बोटीच्या बाजूचा जुना प्लग खाऱ्या हवेने गंजतो, गंजलेला जोड तापतो, आणि हीटर रात्रंदिवस चालू असल्याने त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. बोटींवरच्या विजेच्या आगी बऱ्याचदा इथून सुरू होतात. दोन-तीन दिवसांतून एकदा हीटर चालू असताना प्लगला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल. गरम लागला किंवा पितळ काळं पडलेलं दिसलं तर त्याच दिवशी प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. तेल भरलेला रेडिएटर हीटर घ्या, उलटला की आपोआप बंद होणारा. साधी एक्स्टेन्शन वायर हीटरला कधीही लावायची नाही.

डिझेल हीटर दोन जातींचे. वेबास्टो किंवा एबरस्पेशरसारखे गरम हवा फेकणारे छोटे आणि झटपट. पण पंख्याला आणि पेटवण्याला बॅटरी लागते. दुसरे डिकिन्सन किंवा डेन्मार्कच्या रेफ्लेक्ससारखे, थेंब थेंब डिझेलवर जळणारे स्टोव्ह. ते सावकाश तापतात, पण वीज जवळजवळ लागत नाही आणि वर चहाचं भांडं राहतं. बोटीवर वर्षभर राहणार असाल तर मी दुसरी जात निवडेन. एका हिवाळ्यापुरतं बघायचं असेल तर पहिली पुरे. धूर बाहेर जाण्याची वाट कव्हरमधून व्यवस्थित काढलेली हवी. प्लास्टिकला गरम नळी लागता कामा नये आणि बर्फाने तोंड बुजता कामा नये. मोठा बर्फ पडून गेला की हीटर लावण्याआधी हे तोंड मोकळं करा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जिथे झोपता तिथे प्रत्येक खोलीत एक. कव्हर असलेली, फटी बुजवलेली बोट हा या वायूसाठी बंदिस्त डबाच. डोकं दुखतंय, मळमळतंय, सगळ्यांनाच एकदम ‘सर्दी’ झालीय असं वाटलं तर आधी बाहेर धक्क्यावर या, कारण नंतर शोधा. स्वयंपाकाची शेगडी ऊब घेण्यासाठी कधीही पेटवायची नाही. गॅस, म्हणजे प्रोपेन, हवेपेक्षा जड असतो. गळला तर बोटीच्या तळात साचतो. रात्री झोपताना सिलिंडरचा कॉक बंद करा.

बॅटऱ्या लिथियमच्या असतील तर त्यांचं तापमान शून्याच्या खाली असताना चार्जिंग होऊ देऊ नका. आतून कायमच्या बिघडतात. त्या थंड कप्प्यातून हलवून राहत्या भागात आणा.

ओल : रोजची लढाई

बाहेर बर्फ, आत २० अंश ऊब आणि ६० टक्के आर्द्रता, हे ऐकायला छान वाटतं. पण अशा हवेचा दवबिंदू १२ अंश असतो. म्हणजे १२ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी सुटणार : खिडकीची काच, हॅचची ॲल्युमिनियमची चौकट, गादीखालचं फायबरग्लास, कपाटामागची भिंत. बोटीची त्वचा पातळ आणि पलीकडे दोन-तीन अंशांचा समुद्र. पहिल्या हिवाळ्यात लोक ‘छत गळतंय’ म्हणून गळती शोधत बसतात. गळती नसते, तो आपलाच श्वास असतो.

तीन बाजूंनी काम करायचं. पहिलं, थंड भिंत हवेपासून तोडा. कपाटांच्या आत, झोपायच्या जागेच्या बाजूला बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम चिकटवा. भिंतीला घट्ट बसलेला हवा, मागे पोकळी राहिली तर तिथे बुरशी वाढते. खिडक्या-हॅचना आतून पारदर्शक फिल्म ताणून दुहेरी करा. गादी थेट फायबरग्लासवर ठेवू नका. खाली लाकडी पट्ट्या किंवा जाळीदार चटई, हवा खेळायला दोन सेंटिमीटर पुरतात. रोज सकाळी गादीचं एक टोक उचलून ठेवा. आपल्याकडे अंथरूण गुंडाळायची जी पद्धत आहे तिचं महत्त्व बोटीवर कळतं.

दुसरं, वाफ कमी करा. अंघोळ मरीनात. कपडे किनाऱ्यावरच्या ड्रायरमध्ये; बोटीत दोरीवर एक ओली जीन्स टांगली की तिच्यातलं सगळं पाणी रात्रीत काचांवर येतं. गॅसवर स्वयंपाक करताना १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, ते वेगळंच. कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचा छंद सोडा : एक शिट्टी झाली की आच बारीक, आणि वाफ आपोआप बसू द्या. डाळ-भात, उसळी कुकरमध्येच करा, उघड्या पातेल्यात रटरटत ठेवू नका. स्वयंपाक चालू असताना वरची हॅच दोन बोटं उघडी, पंखा चालू. फोडणीचा वास या उपायानेही जात नाही. हिंग-लसणीची फोडणी चार महिने उशीत राहते. काहींची तक्रार असते, मला त्यात काही वाईट दिसत नाही. पण ऑफिसचं जॅकेट बंद पिशवीत ठेवा.

तिसरं, उरलेलं पाणी ओढून घ्या. डिह्युमिडिफायर हवाच. कॉम्प्रेसरवाले यंत्र थंड जागेत मंदावते. डेसिकंट प्रकारचं, म्हणजे ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारं, थंडीतही काम करतं आणि वर थोडी ऊब देतं. वीज जास्त खातं, हे हिशोबात धरा. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र टांगून ५० टक्क्यांच्या जवळ राहायचा प्रयत्न करा. आणि हो, थोडी थंड हवा आत येऊ द्या. बाहेरची उणे पाचची हवा जवळजवळ कोरडी असते. ती आत येऊन तापली की ओल पिऊन घेते. कव्हरचे झरोके यासाठी. ऊब वाया जाते म्हणून सगळ्या फटी बुजवणारा माणूस फेब्रुवारीत बुरशी पुसत बसतो.

खोबरेल तेल डब्यात दगड होणार, दही लागणार नाही. दह्याचं भांडं हीटरच्या कप्प्याजवळ ठेवा, लागतं.

टाकीतलं पाणी आणि संडास

गोठण पडायला लागली की धक्क्यावरचे नळ बंद होतात. हिवाळी वस्ती असलेल्या मरीनात पाण्याची नळी समुद्राच्या पाण्याखालून सोडलेली असते, तिथे ती गोठत नाही. आठवड्यातून एकदा सगळे जण आपापल्या नळ्या जोडून टाक्या भरतात. तुमची नळी बोटीच्या आत ठेवा आणि वापरून झाली की पूर्ण निथळवून गुंडाळा. बाहेर राहिली तर पुढच्या वेळी ती बर्फाची काठी झालेली असते. पुढचे दोन-तीन दिवस तापमान काय आहे ते बघून टाकी भरा, कडाक्याच्या आदल्या दिवशी ती भरलेलीच हवी. दोन जणांना ३०० लिटर आठवडाभर पुरवता येतात. भांडी घासताना नळ सोडून ठेवायची सवय मात्र जायला हवी. सिंकखालची कपाटं रात्री उघडी ठेवा म्हणजे नळ्यांना ऊब लागते.

बॉस्टन बंदरात मैला, प्रक्रिया केलेलासुद्धा, सोडायला बंदी आहे. तेव्हा टाकी आणि ती उपसणारी सेवा, किंवा कोरडा कंपोस्ट संडास. बहुतेक जण शक्य तेवढं किनाऱ्यावर उरकतात. रात्री दोन वाजता उणे दहात दोनशे पावलं चालायचा विचार करून मग ठरवा.

बर्फ, वादळ, दोर

ओला बर्फ घनमीटरला तीनशे किलोपर्यंत भरतो. कव्हर नसलेल्या बोटीच्या फक्त दहा चौरस मीटरवर एक फूट ओला बर्फ साचला तर नऊशे किलो वजन चढतं. बोट खाली बसते, एरवी पाण्याच्या वर असणारी भोकं पाण्याखाली जातात. म्हणून बर्फ पडत असतानाच काढायचा, थांबल्यावर नव्हे. कव्हरला आतून मऊ झाडूने थोपटा. प्लास्टिकचं फावडं वापरा, लोखंडी नको.

पाण्यावर बर्फ जमायला लागला की लोक बोटीखाली हवेचे बुडबुडे सोडणारं किंवा पंख्याने पाणी ढवळणारं यंत्र लावतात. तळ्यात हे झकास चालतं, कारण गोड्या पाण्यात तळाशी चार अंशांचं पाणी असतं आणि ते वर येतं. समुद्राचं पाणी गोठेपर्यंत जड होत राहतं, त्यामुळे तळाशी तसा हमखास साठा नसतो. इथे यंत्राचा उपयोग मुख्यतः पाणी हलतं ठेवण्यापुरता. वाहून येणाऱ्या तुकड्यांपासून वाचवायला पाण्याच्या रेषेवर फळ्या बांधतात. पातळ बर्फाची धार फायबरग्लासचा वरचा थर सहज खरवडते.

अख्खं बंदर गोठण्याची गोष्टही इथे घडलेली आहे. १८४४ च्या फेब्रुवारीत कनार्ड कंपनीचं ‘ब्रिटानिया’ हे जहाज बर्फात अडकलं, तेव्हा शहरातल्या व्यापाऱ्यांनी पदरच्या पैशांनी सात मैलांचा मार्ग करवतींनी कापून ते बाहेर काढलं. त्याच काळात याच बंदरातून तळ्यांतला बर्फ लाकडाच्या भुशात भरून जहाजांनी मुंबईला जात होता. आपल्या पणजोबांच्या मुंबईतल्या सरबतात इथला हिवाळा होता, हे फावडं चालवताना आठवलं की थोडं हसू येतं.

वादळाच्या अंदाजावर दोर दुप्पट करा. नायलॉनचे, कडेला घासतात तिथे जाड आवरण घातलेले. बर्फाने माखलेली गाठ सुटत नाही. तिच्यावर कोमट पाणी ओता, हातोडा नको. ४ जानेवारी २०१८ च्या वादळात बॉस्टनला त्या वेळेपर्यंतची विक्रमी भरती आली, १९७८ च्या हिमवादळाच्याही वर. रस्त्यांवर समुद्र आला. अशा दिवशी किनाऱ्यावरची गाडी उंचावर नेऊन लावा आणि रात्रीसाठी मित्राच्या घरी जागा सांगून ठेवा. बोट सोडून जाण्यात कमीपणा नाही.

पाण्यात पडलात तर

बोटीवरच्या हिवाळ्यात जिवाचा सर्वांत मोठा धोका वादळाचा नाही. रात्री, एकटं, हातात सामान घेऊन, बर्फाळ धक्क्यावरून घसरणं हा आहे. फेब्रुवारीत पाणी तीन-चार अंशांचं असतं. थंडीचा शरीरावर होणारा परिणाम अभ्यासणारे, कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी सांगितलेलं सूत्र पाठ करून ठेवा : १-१०-१. पहिलं १ मिनिट श्वास आवरण्याचं. धाप लागते, तेव्हा तोंड पाण्याबाहेर ठेवणं एवढंच काम. पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. त्यानंतर शुद्ध जायला साधारण १ तास. पण दहा मिनिटांनी बोटं वळतच नाहीत, त्यामुळे बाहेर पडायचं ते त्या दहा मिनिटांतच.

चार मीटरवर शिडी असून ती बर्फाने माखलेली असेल तर उपयोग शून्य. आपल्या बोटीच्या बाजूला पाण्यातून हाताला लागेल अशी दोराची शिडी कायम सोडून ठेवा. बुटांना काटेरी पट्टे, अंधारात येताना अंगात फुगणारं लाइफ जॅकेट, गळ्यात शिट्टी. धक्क्यावर मिठाऐवजी वाळू टाका. मीठ बोटीवर येऊन धातू खातं. घरी उशिरा येणार असाल तर शेजारच्या बोटीला निरोप टाकायची पद्धत पाडा. धक्क्यावरचे लोक हे आनंदाने करतात, आणि तुमच्याकडूनही तीच अपेक्षा ठेवतात.

एप्रिल : उलट क्रमाने

कव्हर काढायची घाई करू नका. बॉस्टनला एप्रिलातही बर्फ पडलेला आहे. महिनाअखेरीस, वारा नसलेल्या दिवशी काढा. श्रिंक-रॅप पुनर्वापरासाठी गोळा करतात, मरीनात विचारा. गाद्या, उशा, कपाटांचे कप्पे उन्हात टाका. नळ्यांचे क्लॅम्प एकेक करून हाताने चाचपा, पाण्याच्या रेषेवर बर्फाचे ओरखडे किती खोल गेलेत ते बघा. पिण्याच्या टाक्या धुऊन निर्जंतुक करा. इंजिनाची किल्ली फिरवण्याआधी पाण्याची झडप उघडा आणि ती उघडल्याची खूण म्हणून किल्लीला बांधलेली चिठ्ठी मगच सोडा. ती चिठ्ठी सप्टेंबरातच बांधायची असते.